मालकाची नीतिमत्ता आणि धंद्याचं नेतृत्व : बेळगाव सीमाभागातल्या उद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबाग, मच्छे आणि काकतीच्या लहान कारखान्यांचे हिशोब मी ३१ वर्षं लिहिले. आधी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत, मग संगणकावर. आता नोकरी संपली, पण वडिलांचा किंवा काकांचा कारखाना नुकताच हातात घेतलेली मुलंमुली अजून घरी येतात, चहा घेतात आणि विचारत बसतात. त्यांना कराबद्दल फारसं विचारायचं नसतं. "काका, असं केलं तर चालेल का?" हाच बहुतेकांचा प्रश्न असतो. तेच प्रश्न इथे लिहून काढले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टी माझ्या टेबलावरून गेल्या आहेत.

धंद्यातलं चारित्र्य म्हणजे नेमकं काय? ते ओळखायचं कसं?

मी हिशोबनीस, मला ते तारखांत दिसतं. गिऱ्हाइकाचे पैसे अडकलेत, बँकेची लिमिट संपलीय, देणी सहा लाखांची आणि हाताशी दोनच, अशा महिन्यात पहिला चेक कुणाच्या नावानं निघतो ते बघा. पगाराचा? लेथवर जॉबवर्क करून देणाऱ्याचा? की मालकाच्या गाडीच्या हप्त्याचा? ऑर्डरी भरपूर असतात त्या वर्षी सगळेच मालक दिलदार असतात, त्यावरून काहीच कळत नाही.

एक मालक होते. गणेशोत्सवात मंडळाला सढळ हातानं देणगी, कामगाराच्या मुलीच्या लग्नात शालू, दिवाळीला प्रत्येकाच्या घरी कुंद्याचा डबा. गल्लीत लोक त्यांना देवमाणूस म्हणत, आणि मीही म्हणत होतो. त्याच वर्षी कामगारांच्या पगारातून दरमहा पीएफचे १२ टक्के कापले जात होते आणि पाच महिने त्यातला एक रुपयाही भरला गेला नव्हता. कापलेले पैसे आणि मालकाचा तेवढाच वाटा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. "पुढच्या महिन्यात एकदम भरू" असं ते म्हणत आणि मी मान डोलवत असे.

मग कोअर शॉपमधला, म्हणजे साच्यात बसवायचे रेतीचे गाभे करतात त्या विभागातला, एक कामगार आला. बायकोच्या ऑपरेशनसाठी पीएफमधून पैसे काढायचे होते. त्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला. "सायेब, ह्ये पाच म्हयनं कुठं गेलेत हो?" त्याच्या पाचही पगारपत्रकांवर कपातीचा आकडा होता, आणि तो मीच लिहिला होता. मला उत्तर देता आलं नाही.

कुंदा आणि शालू मालकांनी मनापासून दिले होते, याबद्दल मला शंका नाही. पण जे स्वतःचं आहे ते देणं वेगळं आणि जे दुसऱ्याचं आहे ते त्याच्यापर्यंत पोचवणं वेगळं. कारखान्याचं नेतृत्व ज्याच्याकडे आहे त्याचं पहिलं काम दुसरं.

कायदा पाळला की झालं ना?

नाही. कायदा पाळणं म्हणजे जोत्यापर्यंत बांधकाम आलं एवढंच. पण जोतंच नसेल तर वरच्या भिंतींबद्दल बोलण्यात अर्थ नाही. म्हणून आधी पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), किमान वेतन, जीएसटी हे सगळं वेळेवर करा आणि मग नीतिमत्तेवर बोला. कायद्यात ज्याचं नावही नाही अशी निवड रोज दोन-तीनदा समोर येते. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

गिऱ्हाइकाला कधीच कळणार नाही असा दोष मालात असेल तर सांगायचा का?

हा प्रश्न फाउंड्रीवाल्यांच्या घरची मुलं हमखास विचारतात, कारण त्यांनी ते पाहिलेलं असतं. ज्यांना फाउंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेतीच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. रेतीत ओल जास्त राहिली किंवा वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर तो धातूतच अडकतो आणि आत पोकळी राहते. तिला ब्लोहोल म्हणतात. फेटलिंगला कास्टिंग घासताना कधी ती वर दिसते, कधी आतच दडून बसते. वर दिसलेलं भोक पुट्टीनं बुजवून, घासून, रंग मारला की उघड्या डोळ्यांना काही दिसत नाही. वजनही जवळपास तेवढंच भरतं.

एका संध्याकाळी मी मालाचं चलन करायला शॉपमध्ये गेलो होतो. पंपाच्या बॉडीची कास्टिंगं रचून ठेवली होती आणि गाडी दारात उभी होती. एका जुन्या मोल्डरनं एक कास्टिंग उजेडाकडे वळवलं आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या भोकात नख घातलं. मग दुसरं उचललं, तिसरं उचललं. सुपरवायझर पुट्टीचा डबा घेऊन आला, कारण तशी पद्धतच होती. तेवढ्यात मालक आले. त्यांनी मोल्डरला विचारलं, "मामा, एकाच हीटची आहेत काय सगळी?" मामा म्हणाले, "व्हय मालक, दुपारच्या." हीट म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेलं लोखंड. मालकांनी खडू मागितला आणि त्या हीटच्या प्रत्येक नगावर स्वतः फुली मारली. अर्धा तास लागला. गाडी रिकामी परत गेली.

लोखंड परत भट्टीत जातं, ते वाया जात नाही. वाया जाते ती वीज, रेती, बाइंडर आणि दोन दिवसांची मजुरी. त्यांनी कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला फोन करून माल चार दिवस उशिरा येईल आणि का येईल ते सांगितलं. गिऱ्हाइकानं कौतुक केलं नाही. उशिराबद्दल बिलातून पैसे कापल्याची डेबिट नोट पाठवली आणि मी ती खात्यात घेतली. तेव्हा मला वाटलं होतं, काय मिळवलं यातून?

पुढच्या महिन्यांत जे झालं ते मात्र माझ्या रजिस्टरमध्ये आहे. शॉपमध्येच बाजूला काढलेल्या नगांची संख्या आधी वाढली. माल अचानक बिघडला नव्हता. लोक खरं सांगायला लागले होते. आधी दोष दिसला की मोल्डर गप्प बसायचा, कारण बोललं तर रागावणार आणि नाही बोललं तर पुट्टी आहेच. आता मामा आणि त्यांची पोरं स्वतःहून नग बाजूला ठेवून सांगायची, की दुपारनंतरच्या रेतीत ओल जास्त येते. मग मिक्सरचं पाणी मोजायला सुरुवात झाली आणि आकडा खाली आला. कुठल्याही मालकाला खरी बातमी मिळणं ही सगळ्यात अवघड गोष्ट असते, आणि ऐकणारा माणूस कसा आहे हे बघूनच लोक ती त्याच्यापर्यंत नेतात. चारित्र्य आणि नेतृत्व यांचा संबंध मी तिथे शिकलो, व्याख्यानात नाही.

तेव्हा हो, सांगायचा.

एवढीशी तडजोड केली तर काय बिघडतं? सगळेच करतात.

माझीच गोष्ट सांगतो. बँकेला कॅश क्रेडिटसाठी दरमहा स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. गोदामात माल जितका, त्या प्रमाणात पैसे उचलता येतात. एका महिन्यात पिग आयर्न, म्हणजे भट्टीत वितळवायचं कच्चं लोखंड, २६ टन होतं. मालक म्हणाले, "४० लिही, पुढच्या महिन्यात माल येतोयच." मी ४० लिहिलं. पुढच्या महिन्यात माल आला, पण वापरलाही गेला. खरा आकडा लिहिला असता तर बँकेनं विचारलं असतं, एवढं लोखंड गेलं कुठे आणि विक्री का दिसत नाही? म्हणून पुन्हा ४० लिहिलं. असं १४ महिने चाललं. रोज रात्री झोपताना तो १४ टनांचा फरक माझ्या डोक्यात असायचा. शेवटी मालकांनी शहापुरातला एक गाळा विकून तो भरून काढला.

देशात हेच फार मोठ्या आकड्यांत घडलं. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली ५,००० कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नाही. त्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातलं अंतर सुरुवातीला किरकोळ होतं आणि वर्षानुवर्षं ते वाढत गेलं. ते वाचलं तेव्हा मला माझे १४ टन आठवले. फुगवलेला आकडा पुढच्या महिन्यात तुमच्याकडून आणखी एक आकडा मागतो. "सगळेच करतात" हे खरं धरलं, तरी तुमच्या स्टेटमेंटखाली सही तुमची असते.

आपल्या भागात असा कुणी उद्योजक होऊन गेला का, ज्याच्याकडे बघून शिकावं?

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, गाव गुर्लहोसूर, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा ती भारतीय म्हणून त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलच्या दुकानात जम बसवला. मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर.

नांगराची हकीकत प्रत्येक तरुण मालकानं लक्षात ठेवावी. लोखंडानं जमिनीत विष भिनतं असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. दोन वर्षं! आजचा एखादा सल्लागार म्हणाला असता, लाकडी नांगराला लोखंडी पत्रा ठोका आणि विका. त्यांनी नांगर आणखी चांगला करत नेला आणि शेतकऱ्याला मूर्ख समजले नाहीत. ज्याला विकायचं त्याच्याबद्दल आदर ठेवणं हाही चारित्र्याचाच भाग आहे, आणि तो आपण सहज विसरतो.

१९१० मध्ये नगरपालिकेनं त्यांना बेळगावातली जागा खाली करायला लावली. औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, १०,००० रुपये कर्ज दिलं, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी म्हणून ठेवलं. त्या काळात हे धाडसच होतं. आज आपण पोलिस पडताळणीच्या कागदाशिवाय कुणाला गेटवर उभं करत नाही. त्यात चूक काही नाही, पण माणसावर टाकलेला विश्वास हेही भांडवल असतं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी वापरून दाखवलं. बेळगावात आज किर्लोस्कर रोड आहे. कारखाना मात्र कायमचा गेला. त्या रस्त्यानं जाताना मला दर वेळी हळहळ वाटते.

पण तो काळ वेगळा होता. आज लाच न देता धंदा होतो का?

पॉलिहायड्रॉनचे सुरेश हुंदरे हे अलीकडचं नाव. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा धंदा, इथेच बेळगावात. कर पूर्ण भरून, लाच न देता कारखाना चालवता येतो हे ते उघडपणे सांगत आणि बाहेरून लोक ते समजून घ्यायला येत. तेव्हा "बेळगावात जमत नाही" हे कारण मी ऐकून घेत नाही.

पण सोपं आहे असंही म्हणणार नाही. फाईल पडून राहते, चार खेपा जास्त होतात. एक व्यवहारी गोष्ट सांगतो. मी पाहिलेल्या लाचेपैकी बरीचशी आपल्याच उशिराची किंमत होती. परवान्याचं नूतनीकरण मुदत संपायच्या आठ दिवस आधी आठवतं, कागद अपुरे असतात, मग कुणीतरी "करून देतो" म्हणतं. कोणता परवाना कधी संपतो याची यादी भिंतीवर लावा आणि ९० दिवस आधी अर्ज करा. निम्म्या वेळी प्रश्नच उरत नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी कायदा माहीत असू द्या. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. कर्नाटकात तक्रार लोकायुक्तांकडे करता येते.

पैसे अडकलेत. लहान पुरवठादारांना थोडं थांबवलं तर अनीती कशी?

थांबवणं ही अनीती नव्हे. खोटं बोलून थांबवणं, आणि जो भांडू शकत नाही त्यालाच नेमकं थांबवणं, ही अनीती.

आमच्या ऑफिसबाहेर एक लाकडी बाक होता. शनिवारी त्यावर जॉबवर्कवाले बसायचे. दोन लेथ, एक ड्रिल, भाड्याचा शेड एवढाच त्यांचा पसारा. एकजण बिलं दुधाच्या पिशवीत घालून आणायचा, पावसात भिजू नयेत म्हणून. त्याला "मालक मीटिंगला गेलेत" सांगायचं काम माझं होतं. मालक आत पेपर वाचत असायचे, आणि दाराच्या फटीतून त्याला ते दिसायचे. तो काही बोलायचा नाही. ज्या मोठ्या कंपनीकडून आम्ही पिग आयर्न घेत होतो तिला मात्र आम्ही आगाऊ पैसे पाठवायचो, कारण ती माल बंद करू शकत होती.

कायदा इथे लहान माणसाच्या बाजूनं आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही त्याचा फटका आहे. मुदत उलटून राहिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. आता मालक विचारतात, "काका, हा उद्यम नोंदणीचा आहे का बघा, नसला तर त्याला थांबवू." उद्यम म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी. हे ऐकलं की मला तो बाक आठवतो.

पैसे नसतील तर माणसाला आत बोलवा, खुर्ची द्या, तारीख सांगा, आणि ती पाळा. जमत नसेल तर तारखेच्या आधी फोन करा. याला एक पैसा लागत नाही.

आम्ही मराठी, कामगारांपैकी बरेच कन्नड. यात नीतिमत्तेचा काय प्रश्न?

मोठा प्रश्न आहे, आणि आपल्या सीमाभागाशिवाय तो कुणी विचारणार नाही. सीमाप्रश्नावर तुमची मतं पक्की असतील, माझीही आहेत आणि मी ती लपवत नाही. पण शॉपफ्लोअरवर चंदगडहून येणारा मराठी पोरगा आणि बैलहोंगलहून येणारा कन्नड पोरगा एकाच लॅडलला, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्याला, हात लावतात, आणि आतलं लोखंड १,३०० अंशांच्या वर तापलेलं असतं.

मी एका ठिकाणी सुरक्षेचं रजिस्टर बघितलं. "सूचना वाचल्या व समजल्या" अशा मजकुराखाली प्रत्येकाची सही. सूचना होत्या इंग्रजीत. सह्या काहींच्या कन्नडमध्ये, काहींच्या मराठीत, दोघांचे अंगठे. कागद पूर्ण होता, पण समजलं कुणालाच नव्हतं. भट्टीजवळचे फलक कन्नड आणि मराठी दोन्हीत लावा, चित्रं काढा, आणि सकाळी पाच मिनिटं तोंडी सांगा. कामगार हिंदीभाषक असतील तर हिंदीतही.

दुसरी गोष्ट बढतीची. मालकाशी गप्पा मारता येतात त्यालाच सुपरवायझर केलं जातं, कारण तो आपल्या भाषेचा. आपल्या हातून हे होतंय हे लक्षातही येत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी नवऱ्याच्या पश्चात कारखाना हातात घेतला तेव्हा आधी सहा महिने रोज संध्याकाळी कन्नड शिकल्या. त्या मोडकंतोडकं बोलायच्या, कामगार हसायचे, मग तेच चुका दुरुस्त करून द्यायचे. "अक्कावरु" (ताई) म्हणून हाक सुरू झाली तेव्हा कारखाना त्यांचा झाला, असं मला वाटतं. दारावरच्या पाटीत ६० टक्के कन्नड हवी हा नियम २०२४ पासून आहे, तो पाळालच. मी म्हणतोय ते दाराच्या आतलं.

आपल्या लिंगायत शेजाऱ्यांकडे "कायक" हा शब्द आहे. प्रामाणिकपणे केलेलं काम हीच पूजा, आणि त्यातून आलेलं वाटून खाणं म्हणजे "दासोह". बाराव्या शतकापासून हा विचार याच मातीत आहे. व्यवस्थापनाची परदेशी पुस्तकं वाचण्याआधी तो एखाद्या जुन्या कन्नड माणसाकडून समजून घ्या.

आम्ही कारखानदार नाही, व्यापारी आहोत. आम्हाला हे कितपत लागू?

तेवढंच. व्यापाऱ्याचं चारित्र्य काट्यावर आणि प्रतवारीत दिसतं. निपाणीच्या तंबाखूचं उदाहरण घ्या. शेतकरी वर्षभर राबून माल आणतो आणि तो कुठल्या प्रतीचा हे घेणाराच ठरवतो. भाव आणि वागणूक यांबद्दलचा राग साचत गेला आणि १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू उत्पादकांचं मोठं आंदोलन झालं. गोळीबारात शेतकरी मारले गेले. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांचंही तेच दुखणं, खराब म्हणून किती विड्या बाजूला काढायच्या हे समोरचा ठरवणार. माल बघायच्या आधी प्रतीचे निकष लिहून लावा आणि काटा देणाऱ्याला दिसेल असा ठेवा.

मी एका पतसंस्थेचा संचालक आहे. तिथे जबाबदारी वेगळी असते का?

वेगळी, आणि माझ्या मते सगळ्यात जड. रोजची छोटी बचत गोळा करणारा पिग्मीवाला संध्याकाळी गल्लीत येतो, भाजीवाली कमरेच्या पिशवीतून ५० रुपये काढून देते. ही पिग्मीची पद्धत पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ मध्ये सुरू केली आणि कर्नाटकभर पसरली. भाजीवाली ओळखते पिग्मीवाल्याला आणि बोर्डावरच्या तुमच्या नावाला. ताळेबंद ती वाचत नाही.

लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट इथे स्पष्ट सांगतो. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. संस्था बुडाली तर त्या बाईच्या पैशामागे उभं राहणारं दुसरं कुणी नाही. म्हणून भाच्याच्या कर्जाचा विषय आला की मीटिंगमधून उठून बाहेर जा आणि तसं इतिवृत्तात लिहायला लावा. थकलेलं कर्ज नवं कर्ज देऊन जुनं मिटवलेलं दाखवत असतील तर सही करू नका. अध्यक्ष नाराज होतील. होऊ द्या. एका बुडालेल्या संस्थेच्या बंद शटरसमोर पासबुकं हातात घेऊन उभ्या असलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यांत माझी मावशी होती.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च, आम्हाला लागू आहे का?

बहुधा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी असलेल्या कंपनीनं गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो. तुमचं नसेल तर सोडून द्या. आधी फेटलिंगच्या पोरांना चांगले मास्क द्या. तिथली धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही.

प्रामाणिक राहूनही धंदा बुडाला तर?

बुडू शकतो, आणि मी तसं पाहिलं आहे. फुल्या मारणाऱ्या त्या मालकांचाच कारखाना पुढे मंदीत बंद पडला. मोठ्या गिऱ्हाइकानं काम चीनहून करून घ्यायला सुरुवात केली, यांच्या हातात काही उरलं नाही. सचोटीनं धंदा नक्की वाढतो असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला पूर्ण गोष्ट सांगत नाही.

बंद करताना त्यांनी मला यादी करायला सांगितली. आधी कामगारांची ग्रॅच्युइटी, मग जॉबवर्कवाले, मग बँक, शेवटी घरचे. अनगोळमधला प्लॉट विकला. ज्यांची ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला दोन-तीन महिने कमी होते, त्यांनाही दिलं. शेवटच्या दिवशी मामांनी भट्टीला नारळ फोडला. पुढच्या वर्षी मालकांच्या मुलानं मच्छेत छोटं मशीन शॉप काढलं, तेव्हा पहिल्या दोन लेथ एका जुन्या जॉबवर्कवाल्यानं उधारीवर आणून लावल्या. करारबिरार काही केला नव्हता.

चारित्र्य शिकवता येतं का? मुलाकडे कारखाना सोपवतोय, काय करू?

भाषणानं येत नाही. वडील दारामागे बसून "नाहीत म्हणून सांग" म्हणतात, ते मूल सहाव्या वर्षी ऐकतं आणि तिथेच शिकतं. पण वय वाढल्यावरही सवय लागू शकते, लावून घ्यावी लागते.

माझा सल्ला असा. मुलाला केबिन देऊ नका. एक वर्ष बिलं येतात त्या टेबलावर बसवा. त्यात एखादा तंगीचा महिना येईलच. त्या महिन्यात तुम्ही गावाला जा, चेकबुक त्याच्याकडे द्या, आणि कुणाला आधी द्यायचं हे त्याला ठरवू द्या. ज्यांना देता येणार नाही त्यांच्याशी त्यानं स्वतः बोलावं, हिशोबनिसाला पुढे करू नये. कुठली तारीख दिली ती स्वतःच्या अक्षरात वहीत लिहावी. परत आल्यावर त्याला काही विचारू नका. वही उघडा आणि तारखांपुढे पैसे गेल्याची खूण आहे का तेवढं बघा.